मेंदू सडतो, एवढं सांगून भागत नाही

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘गांजाचे दुष्परिणाम’ हा विषय दिला होता. मी तो थोडा बदलून घेतला आहे. गांजा-चरस ओढल्याने मेंदूच्या रचनेत नेमकं काय बदलतं आणि ते आपण मोहल्ल्यातल्या मुलांना कसं सांगायचं, यावर मी बोलणार आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या मुलांपुढे याच विषयावर बोललो होतो. गांजाने मेंदूला भोकं पडतात, मेंदू सडतो, एकदा सडला की पुन्हा नीट होत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मागच्या रांगेतला अकरावीचा एक मुलगा उठला आणि त्याने मोबाईल पुढे केला. “सर, यात तर लिहिलंय, मेंदूत काहीच फरक सापडला नाही.” मी त्याला दटावून खाली बसवलं. पोरं हसली. पुढे वर्षभरात तो मुलगा रोज ओढू लागला, बारावीला दोनदा बसला. त्याची अम्मी माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, “मी समजवायला गेले की तो म्हणतो, सरसुद्धा खोटंच सांगत होते.”

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून ते मला लागलं. मी ऐकीव गोष्ट सांगितली होती. त्यानंतर मी वाचायला बसलो. जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

गांजाच्या झाडात टीएचसी नावाचं द्रव्य असतं. १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यासाठी लागणारा हशीश त्यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या मालातून मिळवला होता. पुढे कळलं की आपल्या मेंदूतल्या पेशींवर या द्रव्यासाठी जणू कुलूपच बसवलेलं आहे. त्या कुलपाला सीबी-१ रिसेप्टर म्हणतात. पण निसर्गाने हे कुलूप काही गांजासाठी बनवलेलं नाही. १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत शोध लागला की मेंदू स्वतःच या कुलपाची किल्ली तयार करतो. तिचं नाव त्यांनी ‘आनंदामाइड’ ठेवलं, आपल्या संस्कृतमधल्या ‘आनंद’ शब्दावरून.

या आतल्या किल्लीचं काम ब्रेकसारखं असतं. एक पेशी दुसरीकडे जास्त संदेश पाठवू लागली की समोरची पेशी हे द्रव्य सोडून सांगते, जरा हळू. काम झालं की ते द्रव्य लगेच विरघळून जातं. टीएचसी मात्र लवकर जात नाही आणि एका जागी थांबतही नाही. ब्रेक सगळीकडे दाबलेला राहतो.

आता ही कुलपं कुठे जास्त आहेत? हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे जिथे नव्या आठवणी तयार होतात. अमिग्डालामध्ये, जिथे भीती आणि भावना हाताळल्या जातात. कपाळामागच्या पुढच्या मेंदूत, जो विचार करायला आणि स्वतःला आवरायला लावतो. तोल सांभाळणाऱ्या छोट्या मेंदूतही ती भरपूर आहेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र ती फार थोडी आहेत. म्हणून ब्राउन शुगरने जसा श्वास बंद पडून माणूस मरतो, तसा गांजाने मरत नाही. पोरं म्हणतात, “गांजाने कोण मेलंय?” ते यावरच बोट ठेवत असतात. त्यात ते चूक नाहीत. चूक पुढे आहे, ‘मरत नाही म्हणजे काही होत नाही’ असं मानण्यात.

मग रचनेत काय बदलतं? २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १५ पुरुषांच्या मेंदूचे एमआरआय काढले. हे सगळे दहा वर्षांहून जास्त काळ, रोज पाचाहून अधिक सिगारेटी भरून ओढणारे. न ओढणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरी १२ टक्के आणि अमिग्डाला सुमारे ७ टक्के लहान निघाला. भोक कुठेही नव्हतं. आकार कमी होता.

त्या मुलाने मला मोबाईलवर दाखवला होता तो अभ्यास २०१५ सालचा, अमेरिकेतला. रोज ओढणारे २९ प्रौढ आणि ५० किशोर घेतले, न ओढणारे तेवढेच घेतले, आणि दोन्ही गटांत दारूचं प्रमाण सारखं ठेवलं. मेंदूच्या आकारात फरक दिसला नाही. त्यांचं म्हणणं असं, की आधीच्या काही अभ्यासांत गांजाच्या नावावर दारूचा परिणाम मोजला गेला असावा. मुलगा खोटं बोलत नव्हता. पण त्याने एकच पान वाचलं होतं, आणि मी तेवढंही वाचलं नव्हतं.

या सगळ्या अभ्यासांत एक अडचण होती. फोटो एकदाच काढला, तर मेंदू आधीपासून तसा होता की गांजाने झाला, हे कळणार कसं? २०२१ साली युरोपातल्या ७९९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे एमआरआय १४ व्या वर्षी काढले होते, तेव्हा कुणीच गांजा ओढत नव्हतं, आणि पुन्हा १९ व्या वर्षी काढले. मधल्या काळात ज्यांनी जास्त ओढला, त्यांच्या पुढच्या मेंदूचा बाहेरचा थर जास्त वेगाने पातळ झाला होता. आणि जिथे सीबी-१ ची कुलपं दाट, तिथेच हा बदल जास्त. १४ व्या वर्षीच्या जाडीचा मात्र पुढे कोण किती ओढेल याच्याशी संबंध नव्हता.

पातळ होणं म्हणजे सडणं नव्हे, हे इथे नीट समजून घ्या. या वयात प्रत्येकाच्या मेंदूचा थर थोडा पातळ होतच असतो. बागेची छाटणी व्हावी तशा नको असलेल्या जोडण्या कापल्या जातात, हव्या त्या पक्क्या होतात. ही छाटणी विशीच्या मध्यापर्यंत चालते. गांजा ओढणाऱ्या मुलाची छाटणी घाईने होते. म्हणून पोरांना सांगायची पहिली गोष्ट वयाची आहे. पंधराव्या वर्षीचा आणि चाळिसाव्या वर्षीचा मेंदू सारखा नसतो.

दुसरी गोष्ट मनोविकाराची. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी ४५ हजारांहून जास्त तरुणांची माहिती घेतली आणि पुढे १५ वर्षं नोंदी पाहिल्या. भरतीपूर्वी ५० हून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट आढळलं. ज्या घरात हा आजार आहे, तिथल्या मुलाने तर जास्तच जपायला हवं.

तिसरी गोष्ट आशेची आहे, आणि माझ्या त्या भाषणात नेमकी तीच नव्हती. रोज ओढणाऱ्यांत ही सीबी-१ कुलपं कमी झालेली असतात. ओढणं थांबवल्यावर सुमारे चार आठवड्यांत ती बरीचशी पूर्ववत होतात, असं दिसलं आहे. ज्यांनी बराच काळ सोडून दिलं होतं, त्यांचा हिप्पोकॅम्पस न ओढणाऱ्यांसारखाच आढळला, असा २०१६ सालचा अभ्यास आहे. ‘पुन्हा नीट होत नाही’ असं जेव्हा मी सांगितलं, तेव्हा सोडायचं कारणच मी त्या मुलाच्या हातून काढून घेतलं.

आता आपल्या घरातलं बोलतो. काही मुलं मला म्हणतात, “कुराणात दारूचं नाव आहे, गांजाचं नाही.” भाईंनो, नशा आणणारी प्रत्येक गोष्ट निषिद्ध, या हदीसच्या आधारे इब्न तैमिया यांच्यासारख्या उलेमांनी सातशे वर्षांपूर्वीच हशीश निषिद्ध ठरवला. इमाम गझालींनी शरियतने जपायच्या ज्या पाच गोष्टी सांगितल्या, त्यात धर्म, जीव, वंश आणि मालमत्तेबरोबर ‘अक्ल’, म्हणजे बुद्धी, आहे. अक्ल जपायची तर ज्याची अक्ल धोक्यात आहे त्याला जपलं पाहिजे. आपण उलटं करतो. त्याला ‘चरसी’ म्हणतो, घरात कोंडतो, लग्न लावलं की सुधारेल म्हणतो. आणि समाजाची बदनामी होईल म्हणून डॉक्टरकडे नेत नाही.

बदनामी कसली? २०१९ साली एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला. देशात वर्षभरात भांग, गांजा, चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख होते. हा काही एका मोहल्ल्याचा किंवा एका जमातीचा प्रश्न नाही.

पोलिसांची भीती मात्र खरी आहे. एनडीपीएस कायद्यात गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर ओढल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं ते सांगतं. हे कलम किती आईवडिलांना माहीत आहे? कार्यकर्ता म्हणून हे एवढं जरी घरोघरी पोचवलंत तरी मोठं काम होईल. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसची १४४१६. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे.

त्या मुलाकडे मी पुन्हा गेलो होतो. म्हटलं, “बाळा, भोकाची गोष्ट खोटी होती. तू दाखवलेला अभ्यास मी वाचला. आता मी आणलेले तू वाच.” त्याने वाचले, वाद घातला, दोन ठिकाणी मला अडवलंही. उपचाराला जायला त्यानंतर पाच महिने घेतले. मध्ये एकदा पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. आज तो एका दुकानात कामाला आहे आणि बाहेरून बारावी देतो आहे. पुढचं मी सांगू शकत नाही. पण आता त्याला काही विचारायचं असलं की तो माझ्याकडे येतो.

तुमच्या वस्तीत बोलायला उभे राहाल तेव्हा वाचून उभे राहा. मागच्या रांगेतला मुलगा उठला, तर त्याला खाली बसवू नका. एवढंच मागणं आहे.