धनुष्य खांद्याला विचारून घ्या

मी भिलाईहून बोलतोय. मागच्या भागानंतर तिरंदाजीबद्दल बरेच प्रश्न आले, पण आजचा विषय मला आमच्याच गल्लीतल्या एका मुलाने दिला.

हा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. घर मराठी, मूळचे राजनांदगावचे. दोन महिन्यांपूर्वी एक लांबलचक खोकं घेऊन तो माझ्याकडे आला. आत काळं कुळकुळीत कंपाउंड धनुष्य, सहा कार्बनचे बाण आणि एका डबीत तीन-तीन पात्यांची टोकं, म्हणजे ब्रॉडहेड. म्हणाला, "काका, 55 पौंडांचं आहे. याने रानडुक्कर पडेल ना? मामाच्या शेतात धानाची पार नासाडी केलीय. शिवाय आता सीझन येतोय."

मी त्याला म्हटलं, आधी बस, चहा घे. सीझन कुठला येतोय ते मग बघू.

भारतात शिकारीचा सीझन नाही, हे आधी स्पष्ट करतो. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतरही काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट शिल्लक होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं, सापळा लावणं, एवढंच काय, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. रानडुक्कर पीक खातं म्हणून ते कायद्याच्या बाहेर जात नाही. मामाचं नुकसान खरं आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण त्यासाठी वन विभागाकडे पंचनामा करून भरपाई मागायची असते. जनावर मारायचंच झालं तर अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. आपण अंधारात धनुष्य घेऊन बांधावर बसलो तर गुन्हेगार आपण.

एवढं ऐकून पोराचा चेहरा पडला. मग मी त्याला माझी एक गोष्ट सांगितली. ती आज तुम्हालाही सांगतो. ती सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात गेलो होतो. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी ठरावीक काळात परवान्याने शिकार चालते, आणि धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा हंगाम शरदात वेगळा असतो. जावयाचे शेजारी त्यातले जुने शिकारी. मी फौजेत आयुष्यभर रायफल चालवलेली. वाटलं, यात काय अवघड आहे? तिथला अभ्यासक्रम केला, परवाना काढला, दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, किती पौंड? मी म्हटलं, साठ. दुकानात उभं राहून तीनदा खेचूनही दाखवलं. शेजारी म्हणाले, पंचेचाळीस पुरे. पण कर्नलसाहेबांचा तोरा होता ना!

महिनाभर अंगणात सराव केला. रोज शंभर बाण, सपाट जमिनीवर उभं राहून, टी-शर्टात, साध्या टोकांनी. वीस मीटरवर सगळे बाण मुठीएवढ्या जागेत पडायचे. मी खूश.

मग तो दिवस उजाडला. पहाटे झाडावरच्या मचाणावर चढून बसलो. दोन तास थंडीत, जाड कोट घालून, अजिबात न हलता. आठच्या सुमारास एक हरणी आली. अंतर असेल बत्तीस मीटर. मी दोरी खेचायला गेलो तर ती सरळ खेचलीच जाईना. दंड गारठलेला. मग धनुष्य आकाशाकडे उचलून, झटका देऊन कसंबसं खेचलं. त्या हालचालीने हरणीने मान वर केली. त्या क्षणी थांबायला हवं होतं. मी बाण सोडला.

रायफलवाल्याला न कळणारा हिशेब इथे आहे. गोळी आवाजाच्या आधी पोचते, बाण आवाजाच्या नंतर. माझा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर वेगाने जात होता. म्हणजे बत्तीस मीटरला 0.4 सेकंद. धनुष्याचा आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, तो 0.1 सेकंदात पोचला. मधल्या 0.3 सेकंदात सावध झालेलं हरिण खाली दबून उडी घेतं. बाण फुप्फुसाच्या जागी लागायला हवा होता, तो मागे पोटात लागला.

बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसात लागला तर जनावर बहुधा मिनिटाच्या आत कोसळतं. पोटात लागला तर तासन्‌तास तडफडतं. शेजाऱ्यांनी बाणाचा मागमूस पाहिला, वास घेतला, आणि एवढंच म्हणाले, "आता संध्याकाळपर्यंत जायचं नाही." लगेच पाठलाग केला तर ते आणखी लांब पळतं. संध्याकाळी आम्ही निघालो. टॉर्च घेऊन मध्यरात्रीपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. सापडली नाही. मला कोणी काही बोललं नाही. मी परवाना खणात ठेवला आणि पुन्हा त्या मचाणावर चढलो नाही.

मंडळी, त्या एका बाणात माझ्या सगळ्या चुका आहेत. म्हणून धनुष्य कसं निवडावं आणि सराव कसा करावा हे मी त्या हरणीपासूनच शिकवतो. तुमच्यातले जे परदेशात आहेत आणि जिथे हे कायदेशीर आहे तिथे करतात, त्यांच्यासाठी आणि इथे कागदावर बाण मारणाऱ्यांसाठी, धडे तेच आहेत.

पहिली गोष्ट, पौंड. म्हणजे दोरी पूर्ण खेचायला लागणारं बळ. ते दुकानात उभं राहून ठरवू नका. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून थोडे उचला, धनुष्य समोर सरळ धरा आणि वर न उचलता दोरी खेचा. मग मनात तीसपर्यंत आकडे मोजा. हात थरथरला तर ते धनुष्य तुमचं नाही. शिकारीसाठी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत किमान मर्यादाच 30 ते 40 पौंडांच्या घरात आहे. म्हणजे माझ्या साठ पौंडांची गरज कुणालाच नव्हती, ना कायद्याला ना हरणीला. नवशिक्या मोठ्या माणसाने रिकर्व्ह घेतलं तर 20 ते 26 पौंडांपासून सुरुवात करावी. कंपाउंडला चाकं असतात, पूर्ण खेचल्यावर 65 ते 85 टक्के भार उतरतो, त्यामुळे 30 ते 40 चालतं. पण लक्षात घ्या, भार उतरतो तो शेवटी. त्याआधीचा डोंगर चढावाच लागतो.

दुसरी गोष्ट, खेच किती लांब. दोन्ही हात आडवे पसरा, बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, अडीचने भागा. माझे 172 सेंटिमीटर भरतात, भागून आले सुमारे 69, म्हणजे 27 इंच. कंपाउंडमध्ये ही लांबी पक्की बसवलेली असते. एक इंच जास्त झाली तर दोरी गाल आणि कोपर सोलून काढते. रिकर्व्हवर लिहिलेले पौंड सहसा 28 इंचांच्या खेचीचे असतात, तुमची खेच कमी असेल तर पौंडही कमी भरतात.

तिसरी गोष्ट, डोळा. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा असू शकतो. दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून लांबचा दिवा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा खिडकीतच राहतो तो तुमचा मुख्य डोळा. धनुष्य त्या बाजूचं घ्या.

चौथी गोष्ट, बाण. लोक धनुष्यावर सगळे पैसे उधळतात आणि बाण मिळेल तो घेतात. उलट करा. बाणावर 500, 400, 340 असे आकडे असतात. 28 इंच अंतरावर दोन टेकू देऊन मध्ये 880 ग्रॅम वजन टांगलं की बाण इंचाचे किती हजारावे भाग झुकतो, तो हा आकडा. आकडा मोठा तितका बाण लवचीक. जोरदार धनुष्याला लवचीक बाण लावला तर तो वाकडातिकडा उडतो. बाण कापून आखूड केला तर कडक होतो, टोक जड लावलं तर मऊ वागतो. टोकाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. 100 ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम. साधं टोक आणि पात्याचं टोक, दोन्ही 100 ग्रेनची असली तरी एकाच जागी पडतील असं नाही, कारण पाती हवा कापतात. मी साध्या टोकांनी महिनाभर सराव केला आणि मचाणावर पात्याचं लावलं.

आणि दोन नियम जीवाचे. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका, धनुष्य फुटून तोंडावर येतं. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी हलका वाकवून, कान लावून तपासा, तडकलेला बाण सुटताना तळहातात घुसतो.

आता सराव. पहिला आठवडा निशाण्याशिवाय. पाच पावलांवर गवताचा भारा किंवा जुने कपडे ठासून भरलेलं पोतं, डोळे मिटा, आणि फक्त खांदा कसा हलतो ते समजून घ्या. मागे मातीचा ढिगारा हवाच, फौजेच्या रेंजवर असतो तसा. गल्लीत, गच्चीवर, रस्त्याच्या बाजूला कधीही नाही. रोज शंभर बाण मारू नका, तीस-चाळीस पुरे. थकल्यावर मारलेला प्रत्येक बाण शरीराला चूक शिकवतो.

मग जसं प्रत्यक्षात मारायचं आहे तसं मारा. स्पर्धेचे कपडे, स्पर्धेची वेळ, वारा, ऊन. शिकारवाल्यांनी बसून, गुडघ्यावर आणि उंचावरून, सुरक्षेचा पट्टा बांधून. उंचावरून खाली मारताना हात खाली करायचा नाही, कमरेतून वाकायचं, आणि अंतर तिरकं नाही, जमिनीवरचं धरायचं.

आणि सगळ्यात मोलाचा सराव, पहिला बाण. सकाळी उठल्यावर, अंग न तापवता, हलक्या धनुष्याने एकच बाण मारायचा. तो कुठे लागला ते वहीत लिहायचं आणि मग नेहमीची तयारी करायची. शंभर बाणांतले नव्वद चांगले हा हिशेब खोटा आहे. जंगलात दुसरा बाण मिळत नाही, आणि स्पर्धेत शूट-ऑफला दोघांनाही एकच बाण असतो. महिनाभराची वही उघडा. जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत, 20 सेंटिमीटरमध्ये, रोजचा पहिला बाण ज्या अंतरापर्यंत पडला, ते तुमचं अंतर. त्यापुढे तुम्ही तिरंदाज नाही. माझं तेव्हा बारा-पंधरा मीटर निघालं असतं.

डल्ली-राजहराच्या जंगलाजवळ मी लहानपणी एक म्हातारा गोंड पाहिला होता. बाबा तिथल्या खाणीवर कामाला जायचे तेव्हा कधी कधी मला सोबत न्यायचे. त्याच्याकडे बांबूची कमान होती. आम्ही पोरं त्याला लांबचं झाड दाखवून म्हणायचो, मार ना बबा. तो हसायचा आणि मारायचा नाही. जवळ गेल्यावर मारायचा. तेव्हा वाटायचं, याला येत नाही. साठी उलटल्यावर कळलं की त्याला स्वतःचं अंतर ठाऊक होतं.

त्या कमानीची गोष्ट अजून संपलेली नाही. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' म्हणून बांबूच्या धनुष्याचा वेगळा प्रकार आहे, 30 आणि 50 मीटरचा. बिलासपूरजवळ, अचानकमार व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर शिवतराई नावाचं गाव आहे. तिथली आदिवासी पोरं या खेळात नाव काढतात. जंगल दाराशी, आणि बाण निशाण्यावर. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये कंपाउंडची विश्वविजेती झाली, वय सतरा. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव फौजेत आला आणि टोकियो ऑलिंपिक खेळला. कंपाउंडच्या स्पर्धेत 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं. असे 72 बाण. हरणाचं फुप्फुस याच्या कितीतरी पट मोठं असतं. ज्यांना कठीण नेम हवा आहे, त्यांनी इकडे यावं.

तर त्या मुलाला मी म्हटलं, सीझन आहे, जिल्हा स्पर्धेचा. त्याच्या धनुष्याचे बोल्ट सैल करून आम्ही ते 38 पौंडांवर आणलं. 55 त्याला बसून खेचता आलं नव्हतं. मामाकडे जाऊन नुकसानीचा अर्ज त्यानेच भरून दिला. ब्रॉडहेडची डबी त्याने माझ्या कपाटात ठेवली आहे, माझ्या जुन्या परवान्याशेजारी.

काल सकाळी त्याने वही दाखवली. अठरा मीटर, पहिला बाण, ताटलीबाहेर. खाली लिहिलं होतं, "घाई केली."

मी म्हटलं, वही नीट चालली आहे. उद्या परत.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.