मुक्तिदात्यांचा चषक आणि विशीच्या आतली मुले

(तंजावूर येथील मराठी श्रोत्यांपुढील व्याख्यान)



सरस्वती महालाच्या या नगरीत फुटबॉलवर व्याख्यान व्हावे, हे आपल्यापैकी काहींना विजोड वाटले असेल. परंतु ज्या स्पर्धेचा आज विचार करावयाचा आहे, तिचे नाव ऐकून इतिहासाची आवड असणाऱ्यांनाही क्षणभर थांबावेसे वाटेल. स्पॅनिश भाषेत तिला ‘कोपा लिबेर्तादोरेस’ म्हणतात; म्हणजे मुक्तिदात्यांचा चषक. सिमोन बोलिव्हार, होसे दे सान मार्तीन आदी ज्या सेनानींनी दक्षिण अमेरिकेला स्पेनच्या सत्तेतून सोडविले, त्यांचे हे स्मरण होय. सान मार्तीनचा जन्म १७७८ चा. म्हणजे आपल्या सरफोजीराजांहून तो अवघ्या काही महिन्यांनी धाकटा. १७९९ च्या तहाने तंजावूरचा कारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजे ग्रंथसंग्रहात रमले. १८१७ साली सान मार्तीन सैन्यासह अँडीज पर्वत ओलांडीत होता. इतिहासाने समवयस्कांना किती निरनिराळी कामे वाटून दिली!

प्रौढांची स्पर्धा १९६० पासून चालत आली आहे. वीस वर्षांखालील खेळाडूंची स्पर्धा मात्र २०११ साली पेरूची राजधानी लिमा येथे सुरू झाली आणि पहिला चषक यजमानांच्याच ‘युनिव्हर्सितारियो’ या क्लबाने जिंकला. येथे देशांचे संघ नसतात, क्लब असतात. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून या स्पर्धेचे मर्म कळावयाचे नाही.

क्लब म्हणजे तेथे एखाद्या वस्तीचा अभिमान असतो. बोका ज्युनिअर्स हा क्लब ब्वेनोस आयरेसच्या बंदरालगतच्या वस्तीत १९०५ साली इटालियन स्थलांतरितांच्या मुलांनी काढला. फ्लामेंगो हे नाव रिओ शहरातील एका मोहल्ल्याचे. त्या क्लबाचा जन्म १८९५ साली झाला तो होड्यांच्या शर्यतींसाठी, फुटबॉल मागाहून आला. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. भोसल्यांची दुसरी गादी जेथे नांदली त्या कोल्हापुरात आजही पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम हे फुटबॉलचे संघ आहेत. नावे कुस्तीच्या आखाड्यांची, खेळ चेंडूचा आणि इरेस पडते ती पेठ! त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळणाऱ्या भारतीय संघात होता. त्या स्पर्धेत दिल्लीला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल. सामना मात्र भारताने २-१ असा गमावला.

पण पेठ आणि दक्षिण अमेरिकेचा क्लब यांत एक मोठा भेद आहे. तेथे मुलगा घडविणे हा क्लबाचा व्यवसायही असतो. एक्वादोरमधील ‘इंदिपेंदिएन्ते देल व्हाये’ या लहानशा क्लबाने २०२० साली रिव्हर प्लेटसारख्या बलाढ्य क्लबावर २-१ अशी मात करून हा चषक जिंकला. त्या संघातील मोइसेस कैसेदो पुढे इंग्लंडला गेला आणि २०२३ साली चेल्सी क्लबाने त्याच्यासाठी साडेअकरा कोटी पौंडांपर्यंतची किंमत मान्य केली. अशा व्यवहारातील पाच टक्के रक्कम, खेळाडू बारा ते तेवीस वर्षांचा असताना त्याला घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जावी, असा फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. अठरा वर्षांखालील मुलास, काही अपवाद वगळता, परदेशी क्लबाकडे धाडता येत नाही, हाही तिचाच नियम. नियम चांगले आहेत. पण ज्याच्या पायांत कुटुंबाचे भवितव्य आहे असा मुलगा घर सोडतो तो तेरा-चौदाव्या वर्षीच. मग तो क्लबाच्या छपराखाली झोपतो. ते छप्पर कसे आहे, हे तपासावयाचे कोणी?

८ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे रिओ येथे फ्लामेंगोच्या प्रशिक्षण-केंद्रात, मुले निजली होती त्या लोखंडी पेट्यांच्या तात्पुरत्या खोल्यांना आग लागली. चौदा ते सोळा वर्षांची दहा मुले दगावली. ज्या जागी या खोल्या उभ्या होत्या, तिची नोंद नगरपालिकेच्या दप्तरी वाहनतळ अशी होती. येथून सुमारे चाळीस किलोमीटरांवरील कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातील आग शाळेच्या झावळ्यांच्या छपराला लागून चौऱ्याण्णव बालके गेली, हे या जिल्ह्यातील श्रोत्यांना सांगावयास नको. तेथे लोखंड, येथे झावळ्या, एवढाच फरक.

फ्लामेंगोच्या तरुण संघाने २०२४ साली बोका ज्युनिअर्सला २-१ असे नमवून हा चषक जिंकला, आणि २०२५ साली पुन्हा राखला. पहिल्या विजयाच्या वेळी, आगीत गेलेल्यांपैकी जी चौदा वर्षांची होती ती मुले एकोणीस-वीस वर्षांची असती. वयाच्या अटीत बसली असती.