अंबडचा पाऊस आणि काचेसारखं प्लास्टिक

बसस्टॉपवर उभे असाल तर समोरच्या गाडीचा हेडलाइट बघा. बाहेरचं पारदर्शक कव्हर आहे ना, ते काच नाहीये. बहुतेक ते पॉलिकार्बोनेट असतं.

माझी पहिली नोकरी अंबड एमआयडीसीत, मोल्डिंगच्या छोट्या युनिटमध्ये. जुलै महिना, नाशिकचा पाऊस. पॉलिकार्बोनेटचे दाणे हवेतला ओलावा शोषतात, म्हणून ते 120 अंशांवर तीन-चार तास सुकवायचे असतात. ऑर्डरची घाई होती. मी दोन तासांतच ड्रायर रिकामा केला.

काही पीसवर चंदेरी रेषा आल्या. ते बाजूला काढले. बाकीचे मात्र अगदी स्वच्छ! गंमत अशी (तेव्हा गंमत वाटली नाही) की जवळपास 300 अंशांच्या वितळलेल्या मालात उरलेलं पाणी पॉलिमरच्या लांब साखळ्याच तोडतं. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण पीस ठिसूळ होतो. आठ दिवसांनी लॉट परत आला, तडे गेलेला. शेठनी हेल्परला झापलं, त्याचा पगार कापला. मी गप्प राहिलो. ड्रायरची वेळ मीच बदलली होती, हे त्याला सांगायला मला दोन वर्षं लागली. तो म्हणाला, ‘‘माहीत होतं मला, दादा.’’

असो. तर मुद्दा उष्णतेचा. ॲक्रिलिक साधारण 105 अंशांना मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट 147 च्या आसपास. त्यापुढे काय? सोपा उपाय वाटतो की साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिक होऊ द्यावेत. पीकचं तसंच आहे, म्हणून ते तापमान भरपूर सोसतं. पण स्फटिकांवर प्रकाश विखुरतो आणि माल दुधट होतो. पारदर्शकपणा हवा तर साखळ्या विस्कळीतच ठेवायच्या, आणि तरी हलू द्यायच्या नाहीत. म्हणून साखळीतच बेन्झिनची कडक कडी आणि सल्फोन गट घालतात. हे झालं पॉलिसल्फोन, सुमारे 190 अंश. पॉलिइथरसल्फोन तर 220 च्या पुढे. वाफेने पुन्हा पुन्हा निर्जंतुक होणारे ट्रे, डायलिसिसचे फिल्टर, सगळीकडे हेच कुटुंब. किंमत मात्र विचारू नका. आणि साखळी कडक म्हणजे मशीनही जास्त तापवावं लागतं, 350 अंशांच्या घरात.

हा माल फक्त परदेशातच होतो असं मला वाटायचं. पण डोंबिवलीच्या कारखान्यामुळे आपल्याला माहीत असलेल्या डॉ. केकी घरडांच्या घरडा केमिकल्सने तो भारतात, गुजरातेत पानोलीला बनवला होता. कंपनी 1967 ची, नाव कीटकनाशकांमुळे झालेलं. पुढे तो पॉलिमर विभाग बेल्जियमच्या सॉल्व्हेने घेतला. घरडांना 2016 साली पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या या कामाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, हे मला खटकतं.

माझ्या टेबलावर पॉलिसल्फोनचा एक तुकडा आहे. मधासारखी हलकी पिवळी झाक. परवा त्याच हेल्परने, आता तो सातपूरला स्वतःचं मशीन चालवतो, तो उजेडात धरून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘हा किती तास सुकवायचा?’’