खारपाणपट्ट्याचा प्रश्न संशोधकांपुढे



मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या, बाळादेवीच्या बाळापुरात या परिषदेला आलेल्या आपणां सर्व डॉक्टर, संशोधक, आशाताई आणि गावकऱ्यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

पाहुण्याला आधी पाणी द्यावे, ही आपली रीत. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात कितीतरी विहिरींचे पाणी तोंडी धरवत नाही. किडनीचे दुखणे लागले की इथली माणसे त्या पाण्याकडेच बोट दाखवतात. त्यांचे खरेही असेल. पण रखरखते ऊन, फवारणी, अंगदुखीच्या गोळ्या, बीपी आणि शुगर यांचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय नेमका उपाय ठरणार कसा?

नुसत्या दवाखान्यात बसून ही मोजणी होणार नाही. अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथवर पोचतो, त्याची नोंद होते. पण डायलिसिसची प्रत्येक खेप म्हणजे रोग्याची आणि सोबत्याची, दोघांची मजुरी बुडते. ज्याला ते झेपत नाही तो उपचारालाही मुकतो आणि आकडेवारीतूनही गळतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळे दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. 39 गावांत गावच्याच बायांना बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे शिकवले. हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू 25 च्या आसपास आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत मात्र ते घटले नाहीत. 1999 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. 2011 पासून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम देशभर आशाताईंकडे आले.

खारपाणपट्ट्यालाही असाच अभ्यास हवा. किडनीचे काम कसे चालले आहे हे कळण्यासाठी घरोघर रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी व्हावी, प्रत्येक विहिरीचे पाणी तपासावे, नळाचे गोड पाणी पोचलेल्या गावांशी तुलना व्हावी आणि हे काही वर्षे नेटाने चालावे. आमची अट एकच. ज्याचे रक्त घ्याल, त्याला त्याचा अहवाल मराठीत समजावून सांगा आणि दोष निघाला तर उपचाराची वाट दाखवा.

आमच्या पाहुणचारात उणे राहिले तर सांभाळून घ्या. पण या परिषदेतून नुसते ठराव करून उठू नका. कोणत्या गावापासून सुरुवात करायची आणि ती कोण करणार, एवढे इथेच ठरवा. घरोघर फिरायला माणसे आम्ही देऊ.