दोन जिवांची मच्छरदाणी

आपल्या गडचिरोलीकडं धानाची रोवणी लागली, की आम्हा आशाताईंच्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात. लोहाच्या गोळ्या आणि हिवताप तपासायचं किट. या दोन्हींची जोडी का, ते आज सांगतो.

पोटुशीचं रक्त कमी आहे म्हटलं, की घरचे म्हणतात, खाईल-पिईल तर भरून येईल. खाणं हवंच. पण हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. इकडून गोळ्यांनी भरायचं, तिकडून तो रिकामं करणार! फाल्सिपेरम जातीचा जंतू तर वारेत दडून बसतो. बाळाचं पोषण वारेतूनच होतं, म्हणून ते वजनानं कमी भरतं, कधी दिवस भरायच्या आधीच जन्मतं.

हिवताप वारंवार होणाऱ्या भागात अंगात जंतू असूनही कधीकधी ताप येत नाही. म्हणून हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल आणि गोळ्या घेऊनही चढत नसेल, तर ताप नसला तरी हिवतापाची तपासणी करून घ्या. सिकलसेलचीही करा. ७च्या खाली गेलं, तर घरी थांबूच नका, दवाखाना गाठा.

ताप आला तर त्याच दिवशी बोटातलं थेंबभर रक्त द्या, आणि दिवस गेलेत हे आधी सांगा, लाजू नका. हिवतापातली प्रायमाक्विन ही गोळी गरोदरपणी देत नाहीत. दिराच्या उरलेल्या गोळ्या गिळणं तर नकोच.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळलं तर रात्री जेवून घ्या. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. दोन तासांचं अंतर ठेवा. अंबाडीच्या, शेवग्याच्या भाजीवर लिंबू पिळा. गोळीनं बाळ मोठं होऊन बाळंतपण अडतं, ही भीती मात्र सोडा. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडंही जास्त गेलं, तर तिचा जीव धोक्यात येतो.

आता मच्छरदाणी. औषध लावलेली मच्छरदाणी मिळते आणि मासे धरायला जाते, नाहीतर कोंबड्यांवर पडते. (माणसांचा हिवताप कोंबड्यांना होत नाही, हो!) घरात एकच असेल तर पोटुशी तिच्यात झोपेल, बाकीचे नंतर. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. कडा चटईखाली खोचा, शेतावर मुक्काम असेल तर तिकडंही न्या. धुतली तर सावलीत वाळवा.

नाल्याला पूर आला की वाट बंद होते. दिवस भरत आलेल्यांनी आधीच माहेरघरात जाऊन राहावं.

आणि ज्यांना चौथा महिना लागलाय, त्यांनी पुढच्या तपासणीला कार्ड घेऊन यावं. सासूबाईंनाही आणा. आम्हाला त्यांच्याशीच जास्त बोलायचं आहे.