पुन्हा कॅमेऱ्यापाशी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी छायाचित्रणकलेविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा मी संकोचलो. या कलेकडे मी तब्बल २८ वर्षे पाठ फिरविली होती.

माझ्यापाशी अॅग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेरा होता. एका रिळात अवघी १२ चित्रे. रीळ महाग, म्हणून प्रत्येक चित्र जपून घ्यावयाचे. १९८६ साली एके सकाळी आई तुळशीपाशी उभी होती. "अरे, माझाही एक फोटो काढ की," ती म्हणाली. रिळात एकच चित्र उरले होते व ते मी दुसऱ्या दिवशीच्या सहलीसाठी राखले होते. "पुढच्या रिळात काढू," म्हणून मी निघून गेलो. पुढचे रीळ घेण्यापूर्वीच आई गेली. सहलीचे ते चित्र आजही मजपाशी आहे. त्यात एक धबधबा आहे. कॅमेरा मी ट्रंकेत टाकला.

२०१४ साली आंद्रे केर्तेस यांची छायाचित्रे पाहण्यात आली. हे १८९४ साली बुडापेस्टला जन्मले, पॅरिसमध्ये नावारूपास आले आणि १९३६ साली न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांची कितीतरी वर्षे एका मासिकासाठी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांची चित्रे घेण्यात गेली. साठी उलटल्यावर ती चाकरी सोडून ते आपल्या मनाच्या कामाकडे वळले. १९७७ साली पत्नी एलिझाबेथ निवर्तली. त्यानंतर ऐंशी ओलांडलेला हा वृद्ध कलावंत छोटा पोलरॉइड कॅमेरा घेऊन खिडकीशी बसू लागला. दुकानातून आणलेली काचेची एक अर्धप्रतिमा तो खिडकीत ठेवी. तिच्या मानेच्या व खांद्याच्या वळणात त्याला पत्नी दिसे. ते चित्र पाहिले आणि त्याच रात्री मी ट्रंक उघडली.

हात मात्र सारे विसरले होते. छापण्याचा कागद लाल दिव्याखाली हाताळता येतो; फिल्मला मिट्ट अंधार हवा. त्या अंधारात पहिली फिल्म चरकीवर चढविताना एकमेकींस चिकटली आणि बाराही चित्रे वाया गेली. सूनबाईंनी विचारले, "मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त होता. पण मोबाइलमधील चित्र कागदावर उतरवितो कोण? म्हाताऱ्या माणसास हातात धरावयाला काही हवे असते.

गेल्या वर्षीपासून मी आपल्या ज्ञातीतील पंचाहत्तरी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांची छायाचित्रे घेत आहे. ४३ घरे झाली. दोन आजी मात्र मी नेमून दिलेल्या रविवारापूर्वीच निवर्तल्या. पैकी एकीचा रविवार मीच पुढे ढकलला होता.

म्हणून विनंती, की आपल्या घरच्या वृद्धांची नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत. माझ्या कॅमेऱ्यास ऊन लागते. सकाळी आठच्या सुमारास त्यांना अंगणात वा गच्चीवर बसवून ठेवावे. मी येईन. मोबदला नको, चहा पुरे.