सांगवीकर घरी का परतला?

(रत्नागिरी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. लेखक तेव्हा 25 वर्षांचा, नायक पांडुरंग सांगवीकरही त्याच वयाचा. खानदेशातल्या सांगवीचा हा मुलगा पुण्यात शिकायला येतो, होस्टेलात राहतो, मेसच्या कारभारात हात पोळून घेतो, नापास होतो आणि गावी परततो. इथल्या बहुतेकांनी हे वाचलेलं आहे, तेव्हा कथानकात अडकायला नको.

मुद्दा एकच मांडायचा आहे. धर्म, घर आणि देश यांच्याविरुद्धचं पांडुरंगाचं बंड पुण्याच्या कॉलेजात शोधणं चुकीचं आहे. ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणात आहे.

अशा नायकाची चर्चा निघाली की जेम्स जॉइसच्या कादंबरीतला स्टीफन डीडलस आठवतो. 1916 सालच्या त्या कादंबरीत नाताळच्या जेवणावर आयरिश नेता पार्नेल याच्यावरून घरातली मोठी माणसं भांडतात, शाळेत नरकाचं प्रवचन होतं, पुढे आईची इच्छा असूनही स्टीफन ईस्टरचा विधी नाकारतो. शेवटच्या पानांवर डायरी येते आणि तो आयर्लंड सोडायला निघतो. डायरी ‘कोसला’तही आहे. पण स्टीफन निघतो, पांडुरंग परततो. म्हणून पुष्कळांना त्याचं बंड फसलेलं वाटतं.

(मागून एक श्रोते: “आमच्याकडे नापास होऊन आला की आंब्याच्या राखणीला बसवतात!” हशा.)

हसू येतं खरं, पण परतणं किती अवघड असतं ते कोकणाइतकं कोणाला ठाऊक आहे? इथल्या घराघरातला मुलगा मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, कुणाच्या तरी खोलीवर दहा-बारा जणांत राहिला. त्याची मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटायची, शाळेची फी भरली जायची, पावसाआधी कौलं परतली जायची. पोस्टमन वाकून दारातल्या म्हातारीच्या अंगठ्याला शाई लावायचा, साक्षीला शेजारी उभा. शिमग्याला चाकरमानी भरल्या पिशव्यांनी आला तर त्याचं कौतुक. रिकाम्या हाताने कायमचा आला तर त्याच ओटीवर त्याला बसायला जागा राहत नसे. संपानंतर मुंबईतल्या कित्येक गिरण्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत, तेव्हा 1982 नंतर अशी किती माणसं परतली ते आपल्या गावांना विचारा. त्यांच्यावर कादंबऱ्या व्हायला हव्यात, आणि त्या तरुणांनीच लिहायला हव्यात.

विषय लांबला, पण सोडवत नाही. कारण ‘कोसला’त पैसे उलट्या दिशेने जातात. बाप गावाहून पाठवतो, मुलगा पुण्यात खर्च करतो. पांडुरंगाच्या घरात सत्ता म्हणजे हिशेब मागण्याचा हक्क. पांडुरंग आधी हिशेब नाकारतो, मग बापाला.

आता मनी. ती देवीच्या रोगाने जाते. गावोगाव हा रोग देवीचा कोप मानला जाई. म्हणजे धर्म आला. आजारी पोरीचं काय करायचं ते मोठी माणसं ठरवणार, तिथे घर आलं. आणि देश? तो उशिरा जागा झाला: देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 साली सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण 1975 साली सापडला. लस तर जेन्नरने 1796 सालीच दाखवून दिली होती. पांडुरंग या गोष्टींवर भाषण करत नाही. तो लहान बहिणीचं बारीकसारीक आठवत राहतो आणि ते वाचताना आपला राग आपणच ओळखतो. कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा ही पानं जास्त बंडखोर आहेत.

(श्रोत्यांतून: “पेंडशांचा बापू विसरलात काय?”)

नाही, कसा विसरेन? ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी 1952 सालची. अण्णा खोतासमोर उभा राहणारा, राधेसाठी गाव अंगावर घेणारा बापू या जिल्ह्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण बापू व्यापारात पैसा कमावतो आणि अखेर गावाला त्याला मानावं लागतं. पांडुरंगाला गावाने मानावं असं काहीच त्याच्या हाती नाही. त्यामुळे बापूवर प्रेम करणं सोपं जातं. दोघांत लहानमोठं ठरवण्याचा इथे हेतू नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं उरली. कादंबरीकार खानोलकर राहिले, नेमाड्यांच्याच चांगदेवाच्या चारही कादंबऱ्या राहिल्या. चिठ्ठीबरोबर आलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायला हवं: पुढे देशीवाद, म्हणजे आपल्या मातीतल्या परंपरेचा आग्रह, मांडणाऱ्या नेमाड्यांनी हे बंड सोडलं का? तसं वाटत नाही. 2010 साली ‘हिंदू’ आली. तिचा नायक खंडेराव उत्खननाचं काम सोडून आपल्या गावी, मोरगावला निघतो, कारण बाप मरणाला टेकला आहे. 47 वर्षांनीही नेमाड्यांचा मुलगा बापाच्याच दारात येतो. ‘हिंदू’ जाड आहे म्हणून बाजूला ठेवू नका. ‘कोसला’ संपली की लगेच तीच हातात घ्या.